खिशाला लावलेला पेन

सुरत, १२ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप आप्पांना हनुमंताचा दंडवत.

माझं इथं बरं चाललंय. तुमचा गुडघा कसा हाय?

आपल्या पूनमनं लिहिलंय, दुसऱ्या कारखान्याचा माणूस घरी येतोय. म्हणतोय, "झोनबंदी उठली. ऊस तुमचा, कुठं घालायचा हे सांगणारं सरकार कोण?" बोलतोय ते खरं हाय. झोनबंदीत नदीपलीकडच्या कारखान्याला ऊस नेताना आपली ट्रॉली अडवली होती, मी इसरलो न्हाई.

पण मग पाच वर्सं दुसरीकडं ऊस घालणार न्हाई, असा बाँड कशाला मागतोय? सोडवायला आलेला माणूस हातात दावं घेऊन येतो व्हय?

दिवाळीला मी येतोय. तवर त्यानं सही मागितली तर चष्मा फुटलाय म्हणून सांगा. आन् तुमच्या खिशाला तो जो पेन लावून गेलाय म्हणं, तो आधी परत द्या.

तुमचा,
हनुमंत