मृत ठरवलेल्या झाडांना फुटलेली पालवी

प्रति,
मा. रबर विकास अधिकारी,
विभागीय रबर कार्यालय.

विषय : आमची जिवंत बाग मृत ठरवून तोडण्याचा आदेश रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल, आणि माझ्या आत्याच्या तक्रारीस आलेले आपले उत्तर.

महोदय,

रबराचे झाड वर्षातून एकदा सगळी पाने गाळते, हे आपणांस ठाऊक आहे काय? आपण आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला आलात, तेव्हा हे उभे राहून विचारण्याची पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. त्या दिवशी माझी बोबडी वळली. आता वळत नाही, म्हणून लेखी विचारते.

आपले निरीक्षक ऐन पानगळीत आले. रबर बोडके होते. त्यामधले फणस, कोको आणि इमारती लाकडाची झाडे हिरवीगार होती. साहेबांनी बोडक्या झाडांवर लाल फुली मारून 'मृत' लिहिले आणि हिरव्यांवर लाल फुली मारून 'जंगल' लिहिले. म्हणजे पाने नाहीत म्हणून हे तोडा, आणि पाने आहेत म्हणून तेही तोडा! फुलीतून वाचली ती एकटी माझी आत्या, कारण तिच्या हातात कोयता होता.

मग त्यांनी बागेचे वय विचारले. बाबा म्हणाले, "कुठल्या झाडाचं सांगू?" साहेबांनी लिहिले, 'मालकास माहिती नाही.' महोदय, माहिती आहे. आजोबांनी रोपे लावली तेव्हा ओळींमध्ये ऊन होते, म्हणून तिथे अननस आणि मिरच्या घेतल्या. सावली दाटली तसे अननस गेले. मग पाखरांनी टाकलेल्या बियांतून जे उगवले, त्यातले कामाचे राखले. आता एखादे म्हातारे रबर पडले की उजेडाच्या त्या तुकड्यात आम्ही नवे रोप लावतो. अख्खी बाग एकदम कधीच मोडत नाही. त्यामुळे आजोबांचे झाड, बाबांचे झाड आणि माझ्याहून लहान झाड शेजारी शेजारी उभे आहे. रबराचा भाव पडतो तेव्हा फणस घर चालवतो. आपल्या छापील कागदावर वयासाठी एकाच आकड्याची जागा असेल, तर चूक कागदाची आहे, बागेची नव्हे.

पानगळ सरली, पालवी आली. आत्याने तसे कळवले. आपले उत्तर आले : 'अहवालानुसार सदर झाडे मृत असल्याने त्यांची पालवी विचारात घेता येत नाही.' हे मी वर्गात वाचून दाखवले, तर बाईंनी ते दोनदा वाचायला लावले. दरम्यान आई याच मेलेल्या झाडांचा चीक रोज काढते आणि तो आपल्याच खरेदी केंद्रावर घेतला जातो. तिथला मापाडी म्हणतो, "काकू, मयताचं दूध आज दाट आहे हं!" आई हसते. घरी येऊन मात्र जेवत नाही.

कारण सोमवारी झाडे तोडायचे यंत्र येणार आहे, फक्त बाबांची संमतीची सही व्हायची आहे. त्यानंतर आपल्या अनुदान योजनेप्रमाणे नुसते रबर, सरळ ओळीत, मध्ये दुसरे काही लावायचे नाही, आणि पहिला चीक सात वर्षांनी. तोवर आम्ही काय फुल्या खायच्या? तरी बाबा म्हणतात, "करून टाकतो सही. अनुदान मिळेल, पोरगी शहरातल्या कॉलेजला जाईल." आई म्हणते, "करा, पण आधी तिला विचारा." मला अजून कोणीही विचारलेले नाही, हेही या अर्जान्वये नोंदवते.

तरी सोमवारच्या आत आदेश रद्द करून निरीक्षकांना पुन्हा पाठवावे. त्यांनी या वेळी मान वर करून पाहावे. आत्याने कोयता घरी ठेवण्याचे वचन दिलेले नाही, याचीही नोंद घ्यावी.

रागावलेली, तरीही आपली नम्र,
(सही)
इयत्ता दहावी 'ब' मधील विद्यार्थिनी
दिनांक : आजचाच, शाळा सुटल्यावर

प्रत माहितीसाठी : आई आणि बाबा. (तोंडी सांगायला गेले की बाबा गोठ्यात निघून जातात.)

बाबा, सही करू नका. माझ्या शिक्षणाच्या नावाखाली एकही झाड पडणार नाही. मी शहरात जाणार नाही. नदीपलीकडच्या कॉलेजात जाईन, आणि उद्या पहाटेपासून आईबरोबर चीक काढायला येईन. ठरलं म्हणजे ठरलं. आई, माझ्यासाठी वेगळी सुरी काढून ठेव.