पहिल्या घावाचा पुरावा

कुळगाव (बदलापूर),
२७ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप मालूताईस,

हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार (गुडघे दुखत असल्याने तूर्त लेखीच). पुण्याच्या थंडीत तुझा खोकला कसा आहे? माझी झोप उडाली आहे आणि तिचे कारण तीर्थरूप दादा आहेत. किंवा मी आहे. ते पुढे ठरेल.

तालुक्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा माझा इतिहास उल्हासनगरला छापला जात आहे. छापखान्याचे मालक हासानंदशेठ रोज बजावतात, "साब, सच-झूठ बाद में देखो, मेरा टाइप अटका पड़ा है!" (गृहस्थ सज्जन आहेत, इतिहासाविषयी त्यांचे मत कोणी विचारलेले नाही.) अडले आहे एकाच वाक्यावर: तीस सालच्या जंगल सत्याग्रहात सागावर पहिला घाव दादांनी घातला. दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्याशिवाय मी वाक्य लिहीत नाही, हे तू जाणतेस. म्हणून त्या दिवशी तेथे हजर असलेल्या नवसीला डोंगरालगतच्या पाड्यावर जाऊन गाठले. म्हातारी हसली. "तुहा बापूस? त्यानं कोयता उलटा धरला व्हता! मीच म्हंटलं, सर बाजूला, पाय तोडशील. पयला घाव माझा."

वार्धक्याने स्मृती ढळते, असा शेरा मी वहीत नोंदवला आणि दुसऱ्या साक्षीसाठी अंबरनाथला शशिकांत मास्तरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, दादांचा घाव बसताच शेकडो पोपट आकाशात उडाले. मी मनोमन नवसीला खोटे ठरवले. मग केवळ शिस्त म्हणून विचारले, आपण कोठे उभे होता? "मी? मी तेव्हा नाशकाला होतो. पण वाचलंय ना!" आणि ट्रंकेतून त्यांनी एका साप्ताहिकाचा सत्तेचाळीस सालचा विशेषांक काढला. ताई, लेख माझा होता. पोपटही माझेच. (वाक्याला तोल नव्हता, म्हणून घातले होते.)

तडक दादांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, आधी मीही नवसीचंच नाव सांगायचो. पण तू छापलंस. म्हटलं, एवढा शिकलेला मुलगा, तपासूनच लिहिलं असेल!" आता निवडणूक तोंडावर आली आहे, प्रचारपत्रकावर दादा कोयता घेऊन उभे आहेत (या वेळी सुलटा), आणि प्रत्येक भाषणात पोपट उडताहेत.

नवसीचे नाव छापावे तर दादा पडतील. न छापावे तर इतरांच्या ग्रंथांतल्या चुका मी कोणत्या तोंडाने काढू? शनिवारी शेवटचा मजकूर द्यायचा आहे. तीन दिवस खोलीत येरझाऱ्या घातल्या. आज सकाळी नवसीचे नाव घातले, दुपारी खोडले, आता पुन्हा घातले आहे.

तुझा अस्वस्थ धाकटा,
हेमचंद्र

ता.क. – दादा माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतात. रविवारी सोनिवलीच्या सभेत त्यांनी स्वतःच नवसीला व्यासपीठावर बोलवावे आणि खरे काय ते सांगून टाकावे, असे तू त्यांना ताबडतोब कळव. पत्र त्याचसाठी.

ता.क. दुसरा – तुझ्या दिवाणखान्यात माझा तो लेख चौकटीत लावलेला आहे. तो आजच उतरवून फाडून टाक.

ता.क. तिसरा – मात्र फाडण्यापूर्वी संपूर्ण नकलून पाठव. माझ्याजवळ प्रत नाही, आणि तसे गद्य मला पुन्हा साधलेले नाही.