टिटवीच्या कवितेची चाल

१२ जाने., सोमवार. अहमदपूर

सकाळी मुक्ताचा फोन. मेलबर्नहून. इल्का मोरेन ह्या परदेशी गायिकेच्या मागे गाणाऱ्या चौघींत आमची ही नात. बाईंचा दौरा जगभर, रोज नवे गाव, नवे स्टेडियम. सूनबाई सुरेखाने भिंतीवर नकाशा लावलाय, त्याच्यावर टिकल्या चिकटवते.

मु. म्हणाली, "आबा, तुमची टिटवी इथं गाजून राहिली."

झाले असे. कार्यक्रमाआधी माईक तपासतात. बाकीच्या वन-टू-थ्री म्हणतात. ही म्हणते,

माळावरच्या टिटवीबाई, कुणाची गं वाट?
सांज उतरली शेतावरती, दूर राहिला घाट.

बाईंनी थांबून ऐकले. परत म्हणायला लावले. आता कार्यक्रमात मधेच दिवे घालवतात आणि मु. एकटी पुढे येऊन ही चाल म्हणते. शब्द नाहीत, नुसता आऽ. मग लोक म्हणतात.

खोड माझीच. एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो तेव्हा सकाळी माईक चालू करून आधी टिटवी म्हणायचो, मग लोह्याची गाडी पुकारायचो. मु. लहानपणी केबिनमध्ये टेबलावर बसून असायची. तिला वाटले असेल, माईक असाच तपासतात.

१८ जाने., रविवार

मुलाच्या, दिलीपच्या मोबाइलवर पाहिले. स्टेडियम म्हणजे जत्राच, पण सगळे एकाच दिशेला तोंड करून. अंधारात हजारो मोबाइलचे उजेड. मु. चांदीसारख्या कपड्यात. तिसऱ्या ओळीला चाल वर चढते, तिथे सगळे हात वर करतात.

सुरेखा म्हणाली, "आबा, काय वाटून राहिलं?"

म्हटले, वाळलीय पोरगी.

खरे तर मला शाळेची खिडकी दिसत होती, बिलोलीची. बाहेर लिंबाखाली बांधलेली कुणाची तरी शेळी. ती शेळी इतकी स्पष्ट कशी आठवते, कोण जाणे.

२२ जाने., गुरुवार

मु.चा फोन, आवाज वेगळा. कंपनी आता ह्या चालीचे गाणे विक्रीला काढणार. त्यांना हवेय, चाल कुणाची ते. कुणीतरी एकाने माझी म्हणून सांगितले पाहिजे.

"जुनीच आहे म्हण. सगळ्यांची."

"तसं चालत नाही आबा. उद्या कुणी उठून माझी म्हणलं तर, असं त्यांना भ्या वाटतंय. मालक न्हाई मिळाला तर काढून टाकतील."

"मग तू?"

"मी परत मागं. चौघींत."

मग म्हणाली, "तुम्हीच लावली ना? बाबा म्हणतात तुम्हीच."

म्हटले, बघून सांगतो. बघायचे काय होते ह्यात, देव जाणे. चाल माझी नाही. शाळेतल्या दोस्ताच्या, खाजाच्या बापाची. ते नायगाव-बिलोलीच्या बाजाराला बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून फिरायचे, आणि हाळी द्यायचे ती ह्याच सुरात. असे मी इतकी वर्षे धरून चाललोय.

२५ जाने., रविवार

दिलीप जेवताना म्हणाला, "हो म्हणून टाका. कोण येतंय बिलोलीहून इचारायला?"

सुरेखा वाढता वाढता म्हणाली, "पोरीनं लई वर्षं मागं उभं राहून काढलेत." एवढेच.

आमच्या गुरुजींना गळा नव्हता. नवी कविता आली की रांगेरांगेला सांगायचे, चाल लावून आणा. सोमवारी प्रत्येक रांगेने उभे राहून म्हणायची. जिची पसंत पडेल ती अख्ख्या वर्गाने वर्षभर म्हणायची, आणि त्या रांगेला घंटा वाजवायचा मान. टिटवीला आमची रांग निवडली. रांगेत आम्ही दोघेच गाणारे, मी आणि खाजा. बाकीचे दोघे ओठ हलवायचे.

घंटेचा टोल अजून हाताला आठवतो. पुढच्या दोन ओळी संध्याकाळभर तोंडात होत्या.

पंखाखाली अंडी दोन, वर आभाळ मोठे,
टिटवीबाई, इतक्या रात्री जायचे तरी कोठे?

कवी कोण ते पुस्तकात होते. नाव विसरलो. चाल राहिली.

२९ जाने., गुरुवार

नायगावला जाऊन आलो. नांदेडला गाडी बदलली. खाजाचे दुकान बाजारातच, बांगड्यांचे. डोळ्याला कमी दिसते, बांगडी कानाशी वाजवून सांगतो, तडा गेलाय का. मी नुसता "काय म्हणतोस" म्हणालो तर म्हणाला, "गण्या. बस. पाय काढ त्या डब्यावरून."

सगळे सांगितले. मेलबर्न, बाई, चाल. त्याने मान हलवली.

"आब्बाची हाळी? आब्बाला कुठं सूर होता रे? त्यांनी तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळायचं. म्हणून तर मला संगं न्यायचे."

"मग चाल तुझी."

"माझी कशी? तू आणलीस. सोमवारी आलास तो गुणगुणतच आलास."

"मी तुझ्याकडून घेतली."

"आन् मी तुझ्याकडून."

दोन बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "चाचा, भांडण मिटवून घ्या, माझा हात अडकलाय."

मग म्हणूनच बघितले. दुकानात, दोघांनी. पहिल्या दोन ओळी एक. तिसरीला मी वर गेलो आणि तो खाली. दोघेही थांबलो.

खा. म्हणाला, "तिथंच चुकायचास तू. पंखाखाली म्हणलं की खाली जायचं. गुरुजी दर बारीला छडी आपटायचे."

"वर आभाळ मोठे आहे पुढे."

"ते पुढं हाय ना. आधी पंख."

चहा झाला. विचारले, मग सांगू काय पोरीला? म्हणाला, "तुझी म्हणून सांग. पोरीचं भलं होऊन राहिलं तर आडवं कशाला येतो?"

"आणि तू?"

"मला काय करायचीय चाल? मी बांगड्या विकतो."

निघताना सुरेखासाठी हिरव्या बांगड्या दिल्या. पैसे घेतले नाहीत. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. हरभरा घाट्यांना आलाय सगळीकडे.

२ फेब्रु., सोमवार

मु.ला सांगितले. चाल माझी नाही, खाजाचीही नाही. आमच्या रांगेची आहे.

मग, "रांग म्हंजे काय सांगू आबा ह्या लोकांना?"

रांग म्हणजे रांग. मला दुसरा शब्द सुचेना.

दिलीप माझ्याशी बोलत नाही. मी पेपर वाचतो.

८ फेब्रु., रविवार

सिंगापूर. चाल काढून टाकली. मु. मागे, डावीकडून दुसरी.

सुरेखाने मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. टिटवीच्या जागी आता वाद्ये थोडी वाजतात आणि थांबतात, मग पुढचे गाणे. वाद्ये थांबली. अंधार होता. लोकांना आधीच्या गावांवरून ठाऊक असणार, त्यांनीच सुरू केले. आऽ. सगळे स्टेडियम. बाई पुढचे गाणे सुरू करेनात, उभ्या राहिल्या. मी मु.चे तोंड शोधत होतो. चित्र लहान. हलत होते का नव्हते, कळले नाही. माईक तरी बंदच असणार.

तिसऱ्या ओळीला वर गेले सगळे.

सुरेखाने आतून विचारले, "झालं का?" म्हटले, झाले.

१० फेब्रु., मंगळवार

दुपारी खाजाचा फोन. सुनेने त्याला ते सिंगापूर ऐकवले, मोबाइल कानाला लावून.

म्हणाला, "गण्या, आख्खं शहर तुझी चूक गाऊन राहिलं."

मी हसलो.

"हसू नको. ऐक. ती चढण कुनाची? माझी न्हाई. गुरुजीची न्हाई, त्यांनी छडी आपटली. रांगेची पन न्हाई, बाकी दोघं ओठच हलवायचे. ती तुझी हाय. आन् लोक हात वर करतात ते तिथंच करतात. खाली येताना कोण हात वर करतंय?"

"चूक कुणाची असते का खाजा?"

"छडी तुझ्यासाठीच आपटायचे ना? मग तुझीच."

फोन ठेवल्यावर गच्चीवर जाऊन बसलो. स्टँडवरचा माईक ऐकू येतो वरती. आता कंट्रोलर कविता म्हणत नाही, नुसती गाडी सांगतो.

एक चढण माझी म्हणून सगळी चाल माझी होते का? भांड्याला कल्हई केली म्हणून भांडे कल्हईवाल्याचे होत नाही. पण कल्हई त्याचीच.

१४ फेब्रु., शनिवार

मु.चा फोन. लोक सोडत नाहीत, प्रत्येक ठिकाणी म्हणतात, म्हणून कंपनीने परत विचारलेय. हैदराबादचा कार्यक्रम होईपर्यंत थांबणार. तिथे सांगितले नाही तर वाद्येही काढतील, जागाच ठेवणार नाहीत.

"आबा, मी काही म्हणत नाही तुम्हाला."

तिने काही म्हटले असते तर बरे झाले असते.

खाजाचे बोलणे तिला सांगितले नाही. दिलीपला सांगितले तर तो आत्ताच फोन लावील.

२० फेब्रु., शुक्रवार

उद्या हैदराबाद. मु.ने पास ठेवलेत. दिलीप, सुरेखा, मी. खाजा नांदेडला रेल्वेत भेटणार. त्याच्यासाठीही पास मागितला. मु. म्हणाली, "बांगडीवाले चाचा? त्यांना तर सगळ्यात पुढं बसवते."

खा.ने फोनवर ठरवूनच टाकलेय. लोक म्हणायला लागले की तिसऱ्या ओळीला तू वर जा, मी खाली जातो. म्हटले, एवढ्या गर्दीत तुझे कोण ऐकणार. म्हणाला, "तू ऐक. चढण तुझी हाय ते तुला कळलं म्हंजे झालं, तिथंच पोरीला सांगून टाक."

दिलीप बोलायला लागलाय. सुरेखाने हिरव्या बांगड्या घातल्यात. पिशवीत तिळाची चटणी, मु.ला आवडते म्हणून.

आत्ता मु.चा फोन येऊन गेला. हैदराबादेत पोहोचली. म्हणाली, "आबा, ठरलं का?"

म्हटले, आधी म्हणून दाखव.

फोनवर म्हणाली, शब्दांसकट, केबिनमध्ये म्हणायची तशी. पहिली ओळ. दुसरी. मग थांबली.

"का थांबलीस?"

"चाचांनी काल फोन केला होता मला," म्हणाली. "चढणीचं सगळं सांगितलं. आता सांगा. वर जाऊ का खाली?"