चंद्राचं पान

३ ऑगस्ट, रवि.
चोर म्हणायचं तर तोंडावर म्हण. कामावरची मॅडम तसं म्हणत नाही. नुसतं, "सुनंदा, कार्ड्स होम, व्हाय?" सकाळपासून चारदा. चारदा सांगितलं. सलालाहचा खरीफ, म्हणजे या अरबी मुलखातला पावसाळा, पंधरा दिवस ऊन नाही, भिंतींनासुद्धा घाम. आज्जीची फुलांची पानं, म्हणजे खेळायचे पत्ते, फुगून एकमेकांना चिकटायला लागली. मॅडमकडं तांदूळ किलो-किलोच्या पिशवीत, माझ्या घरी मोठा डबा. मिठाला ओल धरू नये म्हणून तांदळाचे दाणे टाकतो ना, तसं. तीन दिवस तांदळात पुरली, कडक करून परत दिली. अठ्ठेचाळीस पाहिजेत, आज्जीनं मोजली तर सत्तेचाळीस. चंद्राचं पान नाही.
न विचारता घरी नेली, ते चुकलं. तेवढंच.

४ ऑगस्ट, सोम.
आज्जी म्हणजे मॅडमची सासू. नवरा गेल्यावर जपानहून इथं आणली. पानं त्या नवऱ्याचीच. दुपारी दोन ते चार आम्ही दोघी खेळतो. तिला माझी भाषा नाही, मला तिची नाही. लागत पण नाही. बारा महिने, बारा फुलं, महिन्याची चार पानं, फुलाला फूल लावायचं आणि उचलायचं. काडेपेटीएवढं एक पान. हे म्हणतात, "माहेरी पत्त्याला हात लावला असतास तर बापानं झोडलं असतं. इथं पगार घेऊन खेळतेस."
जोडात एक कोरं पान जादा येतं, हरवलं तर असावं म्हणून. आज आज्जीनं चंद्राच्या जागी ते घातलं. निम्म्या डावात पांढरं पान वर आलं. तिचा हात तिथंच राहिला. मग सगळी पानं गोळा करून डबी बंद. चहासुद्धा घेतला नाही.

६ ऑगस्ट, बुध.
मॅडमनं माझी पिशवी उघडून बघितली. माझ्यासमोर. डबा, छत्री, गोळ्या. वर "सॉरी".
माझं डोकं फिरलं. बोलून बसले, चंद्र माझ्या घरी निघाला तर तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. हिंदीत, मग हातवारे करून. समजलं तिला.
गाडीत हे पेटले. "तोंडाला कडी लाव जरा. साहेबांची गाडी मी चालवतो. तुझ्यापायी माझा पण व्हिसा जायचा."
आज्जी दिवसभर खिडकीत. डबी मांडीवर, उघडली नाही.

८ ऑगस्ट, शुक्र.
सुट्टी. भाताला तांदूळ काढायला गेले. डब्याचा तळ आला होता. हाताला कडक काहीतरी लागलं.
लाल आभाळ, काळा डोंगर, वर पांढरा गोल चंद्र.
परत देताना मी मोजली नव्हती. मोजायला कुणाला वेळ आहे, असं म्हणून डबीत कोंबली होती. आणि माझ्याच घरी निघालं. आता खरं सांगितलं तर चोरच ठरणार.
हे म्हणाले, "सोपं आहे. रविवारी सोफ्याच्या गादीखाली सरकव, केर काढताना तूच शोधून दे. खलास."
खरंच सोपं आहे. कुणाला कळणार.

९ ऑगस्ट, शनि.
डोळ्यासमोर तेच. या खेळात डाव जमला की दोन वाटा. थांबायचं आणि गुण घ्यायचे. नाहीतर "कोइ-कोइ" म्हणायचं, म्हणजे आणखी खेळू. पुढच्याचं आधी जमलं तर आपलं गेलं. आज्जी थांबते. मी कधीच थांबत नाही, म्हणून हरते, आणि ती तोंडावर हात धरून हसते.
यांना हे सांगितलं. म्हणाले, "मग एकदा तरी थांब की, बाई."
गादीखाली ठेवलं तर आज्जीला चंद्र मिळेल. पण ती मॅडमकडं बघेल, तूच नीट शोधलं नाहीस म्हणून. आणि मी उभी, केरसुणी घेऊन.

१० ऑगस्ट, रवि.
यांनीच गाडीतून सोडलं. उतरताना एवढंच, "बघ काय ते."
मॅडमला बोलावलं. आज्जीच्या पुढ्यात चटईवर पान ठेवलं. म्हटलं, माझ्या घरी निघालं, तांदळात. मोजलं नाही, चूक माझी. चोरलं नाही. मॅडम म्हणाली, "आय टॉक टू हजबंड."
आज्जीनं चंद्र, पदरानं पुसावा तसा, बाहीच्या टोकानं पुसला. पानं पिसली. आठ तिला, आठ मला, आठ मध्ये. माझी पालथी.
हात शिवशिवला. उचलली नाहीत.
मॅडमला म्हटलं, त्या दिवशी मी बोलले होते, दारात पाय ठेवणार नाही. माझा शब्द मला पाळायला लावायचा तर लावा. पण चोर म्हणून नाही. गुरुवार संध्याकाळ. साहेबांना विचारा, कुणालाही विचारा, गुरुवार संध्याकाळपर्यंत मला एक शब्द सांगा, चोर की नाही. तोवर मी खेळणार नाही, माझी ही आठ पानं इथंच पालथी राहतील. कुणी हलवू नका.