रोबोचा आवाज

सोनई, ता. नेवासा
दि. १३ जानेवारी २०२५

चि. सॅमसन यास,
प्रभूत अ. उ. आ.

येथे सर्व ठीक. काल मेरीशी फोनवर बोलणं झालं, तुझी तब्येत बरी असल्याचं तिने सांगितलं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तुला फोनचा त्रास नको, म्हणून नेहमीप्रमाणे हे पत्र. मात्र आज ख्यालीखुशाली नाही. माझं डोकं फिरलेलं आहे.

तुझ्या आराधनाने काढलेला 'पुणतांबा २०९९' हा सिनेमा शेजारच्या छगनने मला मोबाईलवर दाखवला. पुतणीचं काम म्हणून मी चष्मा पुसून बसलो. शी! इतकी भिकार वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी मास्तर म्हणून तीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं पाहिलेली आहेत. परग्रहावरचं यान म्हणजे चंदेरी कागद चिकटवलेली कांद्याची चाळ. कागद सुटलाय तिथून कांदे दिसतात. लेझर बंदूक म्हणजे फवारणीच्या पंपाची नळी. शत्रूचं सैन्य पाच जणांचं. ते मरतात, टोप्या बदलतात आणि पुन्हा मरायला येतात. नायकाला तीन गोळ्या लागतात आणि पुढच्याच क्षणी शर्टाला कडक इस्त्री! पृथ्वीचं काय होणार ते ठरत असताना मागून एक बाई शेळ्या घेऊन निवांत जाते, आणि ते कुणी कापलंही नाही. शेवटी ग्रह फुटतो. तो दिवाळीतला भुईनळा आहे, शेजारी कोबीचा गड्डा स्पष्ट दिसतो.

एवढं मी गिळलं असतं. पण तो रोबो! डोक्यावर पत्र्याचा डबा असला तरी डावा खांदा पाडून चालणारा माझा भाऊ मला कळणार नाही का? आणि मग त्या डब्यातून तुझं ते बोलण्यासाठी गळ्याला लावायचं यंत्र घरघरायला लागलं. छगन मांडीवर थाप मारून हसला, म्हणाला की मास्तर, रोबोचा आवाज लई भारी हाय. मी मोबाईल उलटा ठेवला.

ज्या गळ्याने तू पुणतांब्याच्या चर्चमध्ये वीस वर्षं गायन चालवलंस, त्या गळ्याची ही थट्टा? पोटच्या पोरीने बापाचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडावं? येत्या रविवारच्या आत तिने तो सिनेमा यूट्यूबवरून काढावा. नाहीतर निदान रोबोला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज द्यावा. तोपर्यंत तिने माझ्या दारात येऊ नये.

मेरीला सलाम. मी रागावलो तरी तू माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
प्रभुदास


पुणतांबा, ता. राहाता
दि. २० जानेवारी २०२५

ती. दादास,
प्रभूत सा. सलाम वि. वि.

पत्र पोचलं. मेरीने वाचलं आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. आराधनाला मी ते दाखवलेलं नाही.

तुझी यादी अपुरी आहे. रोबोच्या पायात माझ्याच चपला आहेत आणि एकीचा अंगठा तारेने बांधलेला आहे, तो तुझ्या नजरेतून कसा सुटला? सिनेमा भिकार आहे हे आम्हालाही कळतं. पण दादा, गंमतही त्यातच आहे. मोठ्या सिनेमात सगळं खरंच वाटतं, आपण नुसतं आ वासून बघत बसतो. इथे कांदे दिसतात, दोरी दिसते, यान उडताना शूटिंग करणाऱ्या सुनीलने कॅमेरा हलवलाय हे शेंबड्या पोरालाही समजतं. तरी ते उडालं तेव्हा देवळापुढच्या पटांगणात बसलेल्या अख्ख्या गावाने टाळ्या पिटल्या, कारण ते उडावं असं प्रत्येकाला मनातून वाटत होतं. मीही पिटल्या.

आणि पोरीला बोल लावू नकोस. तिने रोबोसाठी मोबाईलमधला तयार आवाज घेतला होता. तो फारच गोड निघाला. मीच यंत्र गळ्याला लावून म्हणालो की माझा बघ. ती रडली, नको म्हणाली. चार दिवस भांडून मी ते काम मिळवलंय.

चर्चमध्ये दर रविवारी आजारी बंधू सॅमसनसाठी प्रार्थना होते, आणि मी तिथेच मागच्या बाकावर बसलेला असतो. दुकानात गेलो तर माणसं मेरीकडे बघून विचारतात की यांना काय पाहिजे. मला स्वतःच्याच गळ्याची किळस यायला लागली होती. आता पोरं दारात येतात आणि आपापलं नाव त्या आवाजात म्हणायला लावतात. बिभीषण हे नाव यंत्रावर फार जड जातं, पण तो पठ्ठ्या तीनदा म्हणवून घेतो.

तुला मात्र दुसऱ्या कुणाचा तरी आवाज हवा आहे. खरं सांगू? यंत्र येऊन सव्वा वर्ष झालं. दर रविवारी तू फोन करतोस, मेरीशी बोलतोस, आराधनाशी बोलतोस, आणि मला त्रास नको म्हणून पत्र टाकतोस. मला त्रास होत नाही दादा. डॉक्टरांनी भरपूर बोलायलाच सांगितलंय. त्रास तुला होतो. सख्ख्या भावाचा आवाज तू पहिल्यांदा ऐकलास तो छगनच्या मोबाईलवर, आणि तोही उलटा ठेवलास.

सिनेमा निघणार नाही आणि आवाजही बदलणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ कर, पण हे मला लिहायचंच होतं. लोभ धरलास तर बरं वाटेल.

तुझा,
सॅमसन


सोनई, ता. नेवासा
दि. २७ जानेवारी २०२५

चि. सॅमसन यास,
प्रभूत अ. उ. आ.

सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. परवा पुन्हा पाहिला, या वेळी एकट्याने. भिकारच आहे. पण मोबाईल उलटा ठेवला नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तू गायला होतास, ते मी कानात जपून बसलो होतो. त्यावर दुसरं काही पडू नये म्हणून तुला पत्रं लिहीत राहिलो, आणि वर तुझीच काळजी घेतो अशा ऐटीत मिरवलो. चीड येते मला या माणसाची.

काल दुपारी तुला अनोळखी नंबरवरून आलेला फोन माझाच होता. छगनचा मोबाईल मागून घेतला, माझ्या नंबरवरून करायची छाती झाली नाही. तू हॅलो म्हणालास. मग विचारलंस की कोण बोलतंय. मी राँग नंबर म्हणालो आणि ठेवून दिला. माझा आवाज तू ओळखला असशीलच. तेव्हा मला स्वतःची जी शिसारी आली, तेवढी त्या सिनेमाची कधीच आली नव्हती.

आराधनाला म्हणावं, दार उघडं आहे. मेरीला सलाम. माझ्यावर माया ठेवावी असं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.

येत्या रविवारी दुपारी दोनला माझ्याच नंबरवरून फोन करीन. मेरीकडे देऊ नकोस, तूच घे. माझ्याकडून काही ऐकू आलं नाही तरी फोन कट झाला असं समजू नकोस. मी ऐकत असेन. तू बोलत राहा.

तुझा दादा,
प्रभुदास