मंगळवारची घंटा

नोव्ही साद, गुरुवार, ईमेलने

तीर्थरूप गाव्रिलोमामा,

तुमच्या उजव्या, आशीर्वादाच्या हाताचं दुरूनच चुंबन घेते. (जवळून घ्यायची सोय मंगळवारपासून उरलेली नाही, असं आईने कळवलंय.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? आणि झिवानआजोबा ठणठणीत आहेत ना? हे मी रीत म्हणून विचारत नाही, जीव मुठीत धरून विचारतेय.

मंगळवारी नेमकं काय झालं ते आधी सांगते. घंटा वाजवणारी ती करडी पेटी चर्चमधल्या संगणकाला यूएसबीच्या वायरने जोडलेली आहे. काम नसलं की संगणक जोडलेल्या वस्तूंना झोपवतो, वीज वाचावी म्हणून. चांगल्या घरची पेटी हाक मारली की उठते आणि कामाला लागते. आपली पेटी दचकून उठते आणि शेवटचा हुकूम पुन्हा बजावते. शेवटचा हुकूम होता सोमवारचा, पेर्सिदाआजींच्या अंत्यविधीचा. म्हणून मंगळवारी सकाळी तुम्ही प्रार्थनेची कळ दाबलीत आणि घंटेने मयताचे टोले दिले.

पुढचं गावाने केलं. आजारी कोण, तर झिवानआजोबा. त्यांच्या अंगणात अकरा बायका मेणबत्त्या घेऊन हजर, एकीने तर घरी श्राद्धाचे गहूसुद्धा शिजत घातलेले, आणि दार उघडलं खुद्द आजोबांनी. "कोण गेलं गं?" म्हणाले. बायकांनी मेणबत्त्या पाठीमागे लपवल्या. शेवटी त्यांनीच सगळ्यांना घरची दारू, राकिया पाजली, स्वतः दोन पेले घेतले आणि म्हणाले, "मीच असेन, तर एवढं काही वाईट नाही." त्यांच्या बायकोने मात्र माझ्या नावाने झाडू दाराआड ठेवलाय.

पेटीची ही खोड तुला ठाऊक नव्हती का, असं तुम्ही विचाराल. होती. संगणकाच्या प्रणालीचा जो गाभा असतो ना, त्यात एक लांबलचक यादी असते: जगातली खोडकर उपकरणं आणि कुणाशी कसं वागायचं. याला क्रमांक विचारू नका, बेशुद्ध पडतो. त्याला उठवल्यावर जरा दम खाऊ द्या. (लग्नाच्या मेजवानीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, याची मामींकडे असते तशीच.) वस्तू बनवणारा विकून मोकळा होतो आणि निस्तरत बसतो आम्ही गाभा लिहिणारे. 'हिला झोपवू नका' ही ओळ मी फक्त चर्चमधल्या संगणकात लिहिली होती. सोमवारी रात्री त्याने आपणहून नवा गाभा उतरवून घेतला आणि माझी ओळ पुसली गेली. ती कायमची टिकायची तर जगाच्या यादीत जायला हवी. आणि रविवारी तर चर्चचा सण. बिशप गाडीतून उतरताहेत आणि घंटा मयताची, हेच सारखं डोळ्यांसमोर येतं. तीस वर्षं हाताने घंटा वाजवणाऱ्या निकोदिमकाकांना तुम्ही माझ्या शब्दावर दोर सोडायला लावलात. गाव आता घंटेवर विश्वास ठेवेना, तर तुमच्यावर कुठून ठेवणार? दोन दिवस घशाखाली घास उतरलेला नाही. (न्याहारीचा चीज भरलेला बुरेक धरला नाही.)

ओळ मी बुधवारीच पाठवली. यादी सांभाळणारे गृहस्थ तार्मो, एस्टोनियातले. आमच्या धंद्यातले बिशपच म्हणा. त्यांचं उत्तर आलं: "बाई, हा क्रमांक कॉफीच्या वजनकाट्यांचाही आहे. हजारो काटे जागरण करतील. आणि खऱ्या पेटीवर कुणी करून पाहिलंय का?" (यादीत वस्तू ओळखतात ती क्रमांकावरून, आणि पेटीवाल्याने तोसुद्धा दुसऱ्याचा उचलला होता, काय बोलणार.) मी अट आणखी बारीक केली, काटे सुटले. पण उद्या दुपारी बाराला नव्या बदलांच्या या खेपेचं दार बंद होतं आणि मग दोन महिने उघडत नाही. तेव्हा खऱ्या पेटीच्या प्रश्नाला मी 'हो' लिहून टाकलं. आता सगळं मार्गी लागलंय, काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
येलिसावेता

ता. क. करून मात्र पाहिलेलं नाही. पेटी तिथे, मी इथे, आणि मध्ये तो झाडू.

ता. क. २. आमच्यात प्रत्येक बदलाखाली 'करून पाहिलं' असं लिहून नाव घालायचं असतं. मी तुमचं घातलं. 'धर्मगुरू गाव्रिलो', पत्त्यासकट. तासाभरात तार्मोंनी ओळ घेतली. म्हणाले, "साक्षात धर्मगुरू सांगताहेत, तर मी आणखी काय विचारणार?" मामा, मला त्या क्षणापासून फार वाईट वाटतंय.

ता. क. ३. तेव्हा ते खरं करा. नवा गाभा मी इथूनच तुमच्या संगणकात चढवलाय. उद्या सकाळी आधी मयताची कळ दाबा, मग पेटीला तासभर हात लावू नका, झोपायची तर झोपू दे, मग प्रार्थनेची दाबा. त्याआधी निकोदिमकाकांना घंटेच्या हातोड्याला टॉवेल गुंडाळायला सांगा. ते नाही म्हणतील. मग सांगा की, 'पेटीला पाठदुखी होत नाही' हे मी त्यांच्या तोंडावर बोलले ते चुकलं, आणि ते कळायला मला मंगळवार उजाडावा लागला. प्रार्थनाच वाजली, तर तुम्हीही खोटे नाही आणि मीही नाही. मयताचे टोले पडले, तर बाराच्या आत फोन करा, मी सगळ्यांदेखत ओळ मागे घेईन. आणि टॉवेलातूनही ते गावाला ऐकू गेलेच, तर त्या अकरा जणींना झिवानआजोबांकडे जाऊ देऊ नका. माझा पत्ता द्या, मेणबत्त्यांसह.