ठिपक्याखालची जमीन

मी, सुमंगला केशवराव बोरीकर, वय ६८, अविवाहित, राहणार वसमत रोड, परभणी, उपग्रहाच्या चित्रांवरून वणवे आणि धूर मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. चार पावलांत दम लागतो, पण शुद्ध शाबूत आहे. तसे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. परभणीचे घर आणि बँकेतील ठेव माझी भाची अबोली हिला. हैदराबादला घेतलेले भिंग आणि रंगीत पेन्सिलींचा डबाही तिलाच. नकाशावर नदी काढताना श्वास रोखावा, असे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत. तिनेही तसे करून पाहावे.

२. जिंतूरकडे आमच्या शेताला लागून जंगल आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे आग लागली. उपग्रहाच्या नोंदीत दुपारी दीडचा लाल ठिपका रोजंदारीवरचे वनमजूर आश्रुबा यांच्या झोपडीवर पडला. मी निवृत्त असूनही वनखात्याच्या कार्यालयाने माझा अहवाल मागवला आणि त्यावरून आश्रुबांना कामावरून काढले. असा ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नसते. पावणेचारशे मीटर लांबरुंद चौकोनाचा तो मध्य असतो. हे मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले आणि अहवालात लिहिले नाही.

त्या दिवशी अकरा वाजताचे, दुसऱ्या उपग्रहाचे अधिक बारीक चित्र माझ्याकडे होते. त्यात धूर माझा धाकटा भाऊ अनंतराव याच्या बांधावरून निघालेला दिसतो. तेव्हा शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळणे चालू होते. ते चित्र मी जोडले नाही.

आश्रुबा एकदाच घरी आले. पायरीवर बसून म्हणाले, "बाई, वरून समदं दिसतंय म्हन्तेत. मग मी हिरव्या डहाळ्यानं आग झोडपायलो व्हतो, ते न्हाई दिसलं?" मी चहा दिला. तो पिऊन ते निघून गेले.

अनंताला विचारले तर म्हणाला, "अक्का, तुझ्या कागदावर माझं नाव कुठंय? उगं उकरू नको." कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मला भेटायला येताना हाच मुलगा खिशातून बोरे आणायचा. त्याला मी जपत राहिले.

३. ते चित्र आणि दुरुस्तीचे पत्र मी आजच स्पीड पोस्टाने त्याच कार्यालयाला पाठवले आहे. पण चित्रात धूर दिसतो, माणूस दिसत नाही. एवढ्यावर आश्रुबांचे नाव धुतले जाईल असे मला वाटत नाही.

४. बांधालगतची माझ्या वाट्याची एक एकर जमीन आश्रुबांना. ही भरपाई नव्हे. त्यांनी ती पेरावी, पडीक ठेवावी किंवा नाकारावी.

५. अनंता, तुला यात काही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील म्हणाले. मला तुझी साक्ष हवी आहे. सही करण्याआधी सगळे वाच. न करता उठलास तरी जेवून जा. मी थकले आहे, भांडणार नाही.

परभणी, १८ नोव्हेंबर २०२५.

सही: सुमंगला के. बोरीकर

आमच्यासमोर सही झाली.

साक्षीदार १: डॉ. सत्यशीला मुंडलिक

साक्षीदार २: अनंतराव केशवराव बोरीकर
(स्वतःच्या अक्षरात) सगळं वाचलं. त्या दिवशी बांध मीच पेटवला होता. आश्रुबाकडं मी जातो, अक्का. तू जिना चढू-उतरू नको.